ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली. आता तपास नीट व्हावा म्हणून काय करायचं?

ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये आरोपी सुटले की गावात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक तर केसच खोटी होती, नाहीतर पैसे चारले. निकालपत्र वाचायला घेतलं की अनेकदा तिसरंच काहीतरी सापडतं. फिर्यादीत आरोपीच्या तोंडचे नेमके शब्द नाहीत. घटना कोणाकोणासमोर घडली ते लिहिलेलं नाही. फिर्यादीचा जातीचा दाखला दोषारोपपत्राला जोडलेलाच नाही. यातली प्रत्येक गोष्ट तपास चालू असताना दुरुस्त करता आली असती. कोर्टात साक्षी सुरू झाल्यावर ती वेळ गेलेली असते.

हा लेख त्या मधल्या काळाबद्दल आहे. जातीवरून झालेल्या अन्यायाची तक्रार पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जाणाऱ्या पोरापोरींसाठी तो लिहिलाय. कायदा म्हणजे अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९, त्याचे १९९५ चे नियम, आणि १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. वकील लागेलच, पण वकील गाठेपर्यंतचे दिवस वाया घालवू नका.

पहिली पायरी: ठाण्यात जाण्याआधी एक कागद लिहा

घटना घडली त्याच दिवशी, डोकं थोडं शांत झालं की लिहायला बसा. वार, तारीख, वेळ, जागा. कोण होतं, कोण काय म्हणालं, कोणी हात उचलला. यातल्या चार गोष्टी तपासाचा पाया आहेत, म्हणून त्या सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे नेमके शब्द. फिर्यादीत ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढंच वाक्य असलं की बचाव पक्षाच्या वकिलाचं काम अर्धं झालं. कोणती शिवी, जातीचं नाव घेऊन काय म्हटलं, ते जसंच्या तसं हवं. पुष्कळांना, विशेषतः बायकांना, ते शब्द अनोळखी हवालदारासमोर उच्चारायची लाज वाटते. मग उच्चारू नका, कागदावर लिहा आणि तो कागद पुढे करा. लाज ज्याने ते शब्द वापरले त्याला वाटायला हवी.

दुसरी, लोक. कलम ३(१)(आर) म्हणजे जाणूनबुजून अपमान करणं किंवा धमकावणं, आणि ३(१)(एस) म्हणजे जातीवरून शिवीगाळ. या दोन्हींसाठी घटना ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ घडलेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणीही नसताना झालेली शिवीगाळ यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटलं. म्हणून जागेचं वर्णन करा. ओटा होता की अंगण, दार उघडं होतं का, रस्त्यावरून दिसत होतं का. आणि पाहणाऱ्यांची नावं लिहा. सगळे साक्षीदार तुमच्याच घरातले असले तर अडचण येते, म्हणून शेजारचा दुकानदार, जाणारा-येणारा, कोणी असेल तर आठवा.

तिसरी, ओळख. आरोपीला तुमची जात माहीत होती हे कशावरून? एकाच गावात राहता, शेताला शेत लागून आहे, एका शाळेत होता, तर तसं लिहा. आरोपी तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं. तशी तरतूद २०१५ च्या दुरुस्तीने कलम ८ मध्ये आली.

चौथी गोष्ट सर्रास राहून जाते. आरोपी स्वतः अनुसूचित जाती किंवा जमातीचा नाही, हे फिर्यादीत स्पष्ट यायला हवं. कलम ३ चा गुन्हा त्याशिवाय उभाच राहत नाही. आरोपीची जात माहीत असेल तर लिहा. तुमच्या जातीची नोंद मात्र दाखल्यावर जशी आहे तशीच लिहून घ्या, बोलीतली वेगळी नको.

तक्रारीला उशीर झाला असेल तर कारण त्याच कागदावर येऊ द्या. दवाखान्यात होतो, धमकी होती, गावातले लोक मिटवून घ्या म्हणत होते, जे खरं असेल ते.

आणि वाढवून लिहू नका. सात जण उभे होते म्हणून सातही जणांनी मारलं असं होत नाही. दोघांनी मारलं आणि पाच जण बघत होते, तर तसंच लिहा. रागाच्या भरात घातलेलं एक खोटं नाव बाकीच्या खऱ्या नावांना घेऊन बुडतं, आणि त्या माणसावरही अन्यायच होतो.

शिवीगाळ म्हणजेच ॲट्रॉसिटी असंही नाही. पाणवठा, रस्ता, स्मशानभूमी वापरू न देणं, वरात अडवणं, देवळात किंवा दुकानात मज्जाव करणं, किराणा आणि मजुरी बंद करून बहिष्कार टाकणं हे सगळं याच कायद्यात आहे. तिथे पुरावा वेगळा लागतो. जागेचे फोटो, ग्रामपंचायतीला पूर्वी दिलेले अर्ज, माल नाकारल्याचे साक्षीदार.

दुसरी पायरी: ‘अर्ज ठेवून जा’ म्हटलं तर

ठाणे अंमलदार कागद वाचतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘अर्ज ठेवून जा, साहेब आले की चौकशी करतो.’ आवाज प्रेमाचा असतो. लोक उठून येतात आणि पुढचे पंधरा दिवस फोन करत बसतात. अर्ज आणि गुन्हा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्जावर ‘चौकशी’ होते. पंचनामा, अटक, जप्ती हे सगळं गुन्हा नोंदवल्यावर. दुसरा प्रकार म्हणजे अदखलपात्र नोंद करून एनसीचा कागद हातात देणं. या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत, त्यांची एनसी होत नाही.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलंय. या कायद्यात तर २०१८ पासून कलम १८-ए आहे: एफआयआरसाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेसाठी वरिष्ठांच्या मंजुरीची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ते कायम ठेवलं. नव्या संहितेच्या कलम १७३(३) मध्ये काही गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे, आणि तिचा दाखला कोणी देईल. तेव्हा १८-ए दाखवा, आणि सोबत कलम २०, ज्यानुसार हा विशेष कायदा इतर कायद्यांच्या वरचढ आहे. हद्दीचा प्रश्न काढला तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर, मागा.

फिर्याद टाईप होताना घाई करू नका. प्रिंट निघाली की ती मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ही मेहेरबानी नाही, ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ते पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि सही त्यानंतर. वाचताना तुमच्या घरच्या कागदाशी ताडून बघा. शिवीचे शब्द आले का? साक्षीदारांची नावं आली का? आरोपीची जात आली का? कलमांच्या रकान्यात ॲट्रॉसिटीची कलमं आहेत, की फक्त भारतीय न्याय संहितेची मारहाण आणि दमदाटीची? एखादी ओळ चुकली असेल तर दुरुस्त करून नवी प्रिंट काढायला सांगा. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, सगळे कंटाळलेले असतात आणि ‘पुरवणी जबाबात घेऊ’ असं ऐकू येतं. पुरवणी जबाबात आलेली महत्त्वाची गोष्ट उलटतपासात ‘नंतर सुचलेली’ ठरते. थांबा. प्रत मोफत आणि तिथल्या तिथे मिळायला हवी.

गुन्हा घेतलाच नाही, तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना (शहरात पोलीस आयुक्त किंवा उपायुक्तांना) लेखी पाठवा, पोस्टाने, पोचपावतीसह. १९९५ च्या नियम ५ मध्ये आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) मध्ये हीच वाट आहे. तिथूनही काही हललं नाही तर विशेष न्यायालयात प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश मागता येतो. अधीक्षकांकडे केलेल्या अर्जाची पोच त्या अर्जाला लागते, म्हणून मधली पायरी गाळू नका. १४५६६ ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन डिसेंबर २०२१ पासून चालू आहे. तिथे तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तोही जपून ठेवा.

आणखी एक अर्ज लगेच टाका: तुम्ही ठाण्यात होता त्या तारखेचं आणि वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा. पोलीस ठाण्यातलं चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ‘फिर्यादी ठाण्यात आलेच नव्हते’ असं पुढे कोणी लिहिलं तर हे चित्रण उपयोगी पडतं.

तिसरी पायरी: तपास कोण करतंय ते बघा

नियम ७ प्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. म्हणजे ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकारी, आयुक्तालयात सहायक पोलीस आयुक्त. व्यवहारात फौजदार साहेबच जबाब घेत फिरतात आणि वरची सही डीवायएसपींची, म्हणजे उपअधीक्षकांची असते. एफआयआरच्या प्रतीवर तपास कोणाकडे दिला ते लिहिलेलं असतं. नाव आणि हुद्दा टिपून ठेवा. हुद्दा खालचा दिसला तर अधीक्षकांना लगेच लेखी कळवा. निकालाच्या वेळी हा मुद्दा आरोपीच्या बाजूने वापरला जातो.

घटनास्थळाचा पंचनामा होईल तेव्हा तिथे हजर राहा. जागा तुम्हीच दाखवायची आहे. पंच म्हणून आरोपीच्या भावकीतले दोघे उभे केलेत का, एवढं बघा. साक्षीदारांचे जबाब पोलीस घेतात, पण ते सहीचे नसतात आणि साक्षीदार पुढे फिरू शकतो. ज्याच्यावर दबाव येणार हे दिसतंय, त्याचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावा, असा अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

मोबाईलवर व्हिडिओ असेल तर ज्या फोनमध्ये चित्रण झालं तो फोन जपा. तो विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली प्रत म्हणजे मूळ पुरावा नव्हे. डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते जोडलं का हे विचारा. फोन जमा केला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा.

जातीच्या दाखल्याची साक्षांकित प्रत स्वतः नेऊन द्या, पत्रासोबत. दाखला नाही म्हणून गुन्हा नोंदवायचं थांबवता येत नाही, पण दोषारोपपत्रासोबत तो गेला नाही तर पुढे त्रास आहे.

आता या सगळ्याचा कणा सांगतो: जे बोलाल ते दुसऱ्या दिवशी लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सही, शिक्का, आवक क्रमांक, तारीख. ‘मी साहेबांना सांगितलं होतं’ या वाक्याला किंमत नाही. अर्ज एका पानाचा, साध्या मराठीत, एकाच मागणीचा असावा. उदाहरणार्थ: ‘अमुक गुन्हा क्रमांकात पुढील तीन व्यक्ती घटनेच्या वेळी हजर होत्या. त्यांचे जबाब अद्याप नोंदवलेले नाहीत. ते नोंदवावेत आणि केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी.’ एवढंच. जातिव्यवस्थेचा इतिहास या अर्जात नको. तो खरा आहे, पण तीन साक्षीदार त्याच्याखाली गाडले जातात.

साठ दिवसांचा हिशेब

एफआयआरची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्यापुढे साठावा दिवस. तपास पूर्ण करून दोषारोपपत्र विशेष न्यायालयात साठ दिवसांत जायला हवं, आणि उशीर झाला तर त्याचं लेखी कारण द्यायला हवं. साठ दिवस उलटले म्हणून केस संपत नाही, पण विचारायचा हक्क तुमच्याकडे येतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं नव्या संहितेच्या कलम १९३(३) ने बंधनकारक केलंय. पण नव्वदाव्या दिवसाची वाट बघू नका. साधारण विसाव्या दिवशी पहिलं स्मरणपत्र, चाळिसाव्याला दुसरं, ही लय बरी पडते.

माहिती अधिकाराचाही वापर होतो, पण बेताने. चालू तपासातले जबाब मागितले तर कलम ८(१)(एच) दाखवून अर्ज फेटाळतील. त्याऐवजी तुमच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, तपास कोणाकोणाकडे वर्ग झाला, असे प्रश्न विचारा.

या काळात उलट फिर्याद येऊ शकते. आरोपीकडून चोरी, विनयभंग किंवा मारहाणीचा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मग ‘दोघंही मिटवून घ्या’ सुरू होतं. घाबरून जबाब बदलू नका. तुमच्या एफआयआरची वेळ आणि त्यांच्या एफआयआरची वेळ शेजारी-शेजारी मांडून ते अधीक्षकांच्या नजरेला आणून द्या, आणि त्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी स्वतंत्र वकील बघा. पंचांसमोर लिहून दिलेल्या तडजोडीच्या कागदाने गुन्हा मिटत नाही, साक्ष मात्र लंगडी होते. धमकी आली की तिची वेगळी तक्रार. कलम १५-ए प्रमाणे पीडित, त्याच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांना संरक्षण देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

तपास वाकडा चाललाय असं वाटलं तर

‘अधिकारी पक्षपाती आहेत’ असं लिहिलेला अर्ज फाईलला लागून राहतो. त्याऐवजी काय घडलं ते लिहा: अमुक तारखेला दिलेल्या यादीतल्या एकाही साक्षीदाराला बोलावलं नाही; आरोपी गावात फिरतोय, अमुक दिवशी बाजारात होता; फिर्यादीत असलेलं कलम नंतर वगळलं. अशा चार ओळी आणि प्रत्येकीला जोडलेली पोच, एवढं असलं की तपास अधिकारी बदलण्याची मागणी वजनदार होते.

पाठवायचं कुठे? आधी अधीक्षक किंवा आयुक्त, मग परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. महाराष्ट्र पोलिसांत याच कामासाठी नागरी हक्क संरक्षण विभाग आहे, त्यांना प्रत द्याच. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी निदान एकदा व्हावी लागते. ही समिती लोकांना फारशी माहीत नाही, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरलेलं हत्यार हेच. पुढच्या बैठकीत तुमचं प्रकरण घ्यावं असा अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे द्या. त्या टेबलावर जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक एकत्र बसलेले असतात, आणि ‘तपास चालू आहे’ या उत्तरावर तिथे पुढचा प्रश्न येतो.

राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आणि अनुसूचित जमाती आयोग अधिकाऱ्यांना बोलावू शकतात, कागद मागवू शकतात. चौकशीच्या वेळी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. निकाल ते देत नाहीत. आयोगाची नोटीस आली की फाईल हलते, एवढी अपेक्षा ठेवा.

जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते, मात्र तो लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा आणि आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. हे कलम पहिल्याच अर्जात फेकू नका. दोन-तीन पोच हातात आल्यावर वापरा.

पीडिताला सरकारकडून मिळणाऱ्या अर्थसहाय्याचं थोडक्यात सांगतो. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे रक्कम ठरलेली आहे. २०१६ च्या सुधारित नियमांत ती ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत होती. ती टप्प्याटप्प्याने मिळते: एफआयआर, दोषारोपपत्र, शिक्षा. साक्षीला येण्याजाण्याचा भत्ताही आहे. समाज कल्याण कार्यालयात बँक पासबुक, दाखला आणि एफआयआरची प्रत द्या. पैसे घेतले म्हणून कोणी टोमणा मारला तर मारू दे.

जामिनाची तारीख तुम्हालाही कळायला हवी

कलम १८ मुळे अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही, पण फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय देऊ शकतं. पहिल्या पायरीवरचे नेमके शब्द इथेच कामी येतात. जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळणं आणि तिथे म्हणणं मांडणं हा कलम १५-ए खाली पीडिताचा हक्क आहे, आणि २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो बंधनकारक असल्याचं सांगितलं. नोटीस न देता जामीन झाला असेल तर कलम १४-ए खाली उच्च न्यायालयात अपील करता येतं; मुदत नव्वद दिवस.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तुमच्या पसंतीचा अनुभवी वकील खटल्यासाठी नेमावा, अशी विनंती नियम ४(५) खाली जिल्हाधिकाऱ्यांना करता येते.

शेवटची पायरी: दोषारोपपत्र की समरी?

दोषारोपपत्र गेलं तर वकिलामार्फत त्याची प्रत मिळवा आणि एक संध्याकाळ काढून वाचा. साक्षीदारांची यादी, पंचनामे, दाखला, वैद्यकीय कागद, व्हिडिओचं प्रमाणपत्र, सगळं आहे का? काही राहिलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खाली पुढील तपासाची मागणी करता येते. आरोप निश्चित व्हायच्या आधी ती केलेली बरी.

पोलिसांनी गुन्हा बंद करायचा अहवाल पाठवला तर महाराष्ट्रात त्याला समरी म्हणतात. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. ‘बी’ म्हणजे फिर्यादच द्वेषातून केलेली, खोटी. ‘सी’ म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही. गैरसमज किंवा दिवाणी वाद. ‘बी’ आली की लोक खचतात. पण समरी म्हणजे पोलिसांचं मत, ते मान्य करायचं की नाही हे न्यायालय ठरवतं, आणि मान्य करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घ्यावं लागतं; सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ मध्येच भगवंत सिंग प्रकरणात सांगितलंय.

नोटीस आली की दिलेल्या तारखेला हजर राहा आणि समरीची व सोबतच्या जबाबांची नक्कल मागा. तुम्ही नावं दिलेले कोणते साक्षीदार तपासलेच नाहीत, कोणाचा जबाब उलटा लिहिलाय, हे तुमच्या पोचांच्या फाईलशी ताडा आणि वकिलामार्फत लेखी हरकत दाखल करा. कोर्टात तिला प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात. न्यायालय पुढील तपासाचा आदेश देऊ शकतं किंवा समरी नाकारून थेट दखल घेऊ शकतं. नोटीस पोलीस पाटलाकडे किंवा जुन्या पत्त्यावर पडून राहिल्याने हरकत राहून जाते, तेव्हा कामासाठी मुंबई-पुण्याला राहायला गेलात तर नवा पत्ता आणि फोन नंबर तपास अधिकाऱ्याला आणि न्यायालयाला लेखी कळवून जा.